लांबलेली थंडी आणि घर-मळ्यातील यंत्रांची दुरुस्ती

महाशिवरात्र आली म्हणजे थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे वडीलधारे लोक सांगत आले आहेत. बहुतेक वर्षी तसे घडतेही. परंतु थंडी पंचांग पाहून येत नाही आणि पंचांग पाहून जातही नाही. २०१९ साली फेब्रुवारीचा पहिला आठवडा उलटल्यावर, गरम कपडे पेटीत ठेवण्याची तयारी चालू असता, उत्तर महाराष्ट्रात पुन्हा कडाक्याची थंडी पडली होती, हे पुष्कळांस आठवत असेल. अशा लांबलेल्या हिवाळ्याने गव्हाचे व हरभऱ्याचे भले होते आणि कास्तकार मनातून संतुष्ट असतो. मात्र त्याच दिवसांत घरात व मळ्यात दुसरेच एक दुखणे सुरू होते. पहाटे ट्रॅक्टर चालू होत नाही. रात्रपाळीच्या विजेवर मोटार उचलत नाही. ठिबकच्या नळ्या निखळून पडतात. न्हाणीघरातला रॉड पाणी तापवीत नाही. शिवणयंत्राचे चाक फिरत नाही. घरधनी म्हणतो, “थंडीने सगळी यंत्रे बिघडवली,” आणि मिस्त्रीकडे निरोप जातो. मिस्त्री त्या आठवड्यात एकटा दहा गावांना हवा असतो.

आमचे म्हणणे असे की, थंडी सहसा यंत्र मोडीत नाही. आधी झालेली हयगय ती उघडी करते, इतकेच. थंडी ही वसुलीस आलेल्या कारकुनासारखी आहे; देणे आपणच करून ठेवलेले असते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे दोन लाभ होतात. पहिला असा की, बिघाडाचे मूळ कोठे शोधावे हे कळते व नसता खर्च वाचतो. दुसरा लाभ याहून मोठा आहे. काकडत, अंधारात, घाईने केलेल्या दुरुस्तीने माणसे दगावतात, तो प्रसंग टळतो.

थंडी यंत्रास काय करते

एरंडोल भागाचा मुलूख अंजनीच्या दोन्ही अंगांस बव्हंशी उघडा व सपाट आहे. हिवाळ्यात आकाश निरभ्र व हवा कोरडी असते, त्यामुळे जमिनीने दिवसा घेतलेली उष्णता रात्री अडथळ्यावाचून आकाशात निघून जाते. त्यातच उत्तर हिंदुस्थानावरून पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की मागून उत्तरेचे थंड व कोरडे वारे वाहू लागतात. मग पारा पहाटे दहा अंशांखाली आणि दुपारी तिशीच्या जवळ, असे होते. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली असेल, तर हवामानखाते त्यास थंडीची लाट म्हणते. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, यंत्राला नुसती पहाटेची थंडी सोसावी लागत नाही. पहाट व दुपार यांमधील वीस अंशांचा हेलकावा रोज सोसावा लागतो.

या थंडीचे यंत्रावर चार परिणाम होतात. पहिला, तेल व वंगण घट्ट होते. दुसरा, लोखंड, तांबे व विशेषतः प्लास्टिक आकसते. तिसरा, रासायनिक क्रिया मंदावतात. बॅटरीची शक्ती कमी होते व नळी जोडण्याचे सोल्युशन लवकर वाळत नाही. चौथा, ओलिताच्या रानात पहाटे दहिवर पडते व थंड धातूवर ओल धरते. पाचवे एक कारण आहे, ते थंडीचे नव्हे, माणसांचे. रब्बीचे ओलीत आणि घरोघरचे पाणी तापविणे एकाच वेळी चालते. सर्वांचा भार एकाच रोहित्रावर पडतो आणि विजेचा दाब उतरतो. हिवाळ्यातील यंत्राचे दुखणे बहुधा या पाचांपैकी एक असते. म्हणून यंत्र अडले की प्रथम हत्यार हाती घेऊ नये. यांपैकी कोणते कारण लागू पडते, याचा विचार करावा.

घरातील साधने

सर्वांत सोपे उदाहरण शिवणयंत्राचे आहे. पुष्कळ घरांत त्याच्या छिद्रांत खोबरेल तेल सोडण्याची चाल आहे. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, हे आपण डोक्याला लावावयाच्या बाटलीत रोज पाहतो. बाटलीत जे होते तेच यंत्राच्या सांध्यांत होते, आणि चाक जाम होते. यंत्र बिघडलेले नसते. त्याला चुकीचे तेल पाजलेले असते. ते घटकाभर उन्हात ठेवावे, जुने तेल कापडाने पुसून काढावे, आणि शिवणयंत्राचे म्हणून मिळते तेच पातळ तेल दोन-दोन थेंब घालावे. दाराच्या कुलपांस व पंख्यांसही खोबरेल किंवा खाण्याचे तेल घालू नये. खाण्याचे तेल कालांतराने चिकट होऊन धूळ धरते.

आता पाणी तापविण्याच्या रॉडकडे वळू. हिवाळ्यात तो ‘मंद झाला’ अशी तक्रार घरोघर असते. येथे थोडा हिशेब करून पाहावा. गच्चीवरील टाकीतले पाणी पहाटे १८ अंशांचे असेल व आपणांस १५ लिटरची बादली ४२ अंशांपर्यंत तापवावयाची असेल, तर १५०० वॅटच्या रॉडला कमीत कमी १७ मिनिटे लागतात. तेच पाणी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे ताजे असेल तर ते २६ अंशांच्या आसपास असते, आणि तितक्याच कामास सुमारे ११ मिनिटे पुरतात. हिवाळ्यात विहिरीचे पाणी कोमट लागते ते याचमुळे. जमिनीच्या पोटातील पाण्याला वरच्या थंडीचा स्पर्श फारसा होत नाही. म्हणून वीज असेल त्या घरी पहाटे ताजे पाणी उपसून घ्यावे. रात्रभर गच्चीवर गारठलेले पाणी तापवीत बसू नये. दुसरे असे की, विजेचा दाब २३० ऐवजी १८० व्होल्ट झाला तर रॉडची शक्ती सुमारे साठ टक्केच उरते व १७ मिनिटांची २७ मिनिटे होतात. या दोन्ही गोष्टींत रॉडचा दोष काहीच नाही.

रॉडचा खरा दोष त्यावर चढलेल्या पांढऱ्या खपलीत असतो. आपल्या भागातील पुष्कळ विहिरींचे पाणी जड आहे. त्यातील क्षार तापलेल्या नळीवर बसतात, उष्णता पाण्यात उतरू देत नाहीत, आणि आतली तार जळते. दर पंधरा दिवसांनी रॉड वीज काढून, पूर्ण थंड करून, लिंबाचे फूल घातलेल्या पाण्यात तासभर बुडवून ठेवावा व मऊ कापडाने पुसावा. लोखंडी कानशीने खरडू नये. वरचे आवरण फाटले की पाण्यात वीज उतरते.

रॉडच्या बाबतीत आम्ही एक नियम कडक शब्दांत सांगतो. बटण बंद करून, पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालून ऊन पाहू नये; मग घरातील कोणीही कितीही घाईत असो. बादली प्लास्टिकची असावी, रॉड खुणेपर्यंत बुडालेला असावा, आणि मूल न्हाणीघरात एकटे नसावे. घराच्या मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घ्यावा. वीज वाटेत गळू लागताच तो निमिषात प्रवाह तोडतो. अनेक घरांत हा स्विच वरचेवर पडतो म्हणून तो काढून टाकतात. तो पडतो म्हणजे बिघडला आहे असे नव्हे; कोठेतरी गळती आहे असे तो ओरडून सांगत असतो. राखणदार भुंकतो म्हणून त्याला घालवून देणारा घरधनी आम्हांस शहाणा वाटत नाही.

ज्यांच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे व पऱ्हाट्यांवर पाणी तापते, त्यांनी बंबात पाणी भरल्याशिवाय विस्तव घालू नये. रिकाम्या बंबाची झाळ सुटते व मग तो सर्व हिवाळाभर गळत राहतो. रात्रीची राख सकाळी काढून टाकावी. ओली राख तांब्यास खाते. बंब अंगणात किंवा उघड्या पडवीत असावा.

हे उघडेपणाचे महत्त्व येथे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण लांबलेल्या थंडीत दरवर्षी कोठे ना कोठे याच कारणाने घरे ओस पडतात. कोळशाची शेगडी असो वा गॅसवर चालणारा गिझर असो, बंद जागेत जळणाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांस चुरचुर नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निश्चिंत असतो. प्रथम डोके जड होते, मग झापड येते, आणि झोपेतच तो जातो. म्हणून शेगडी पेटती ठेवून दार लावून निजू नये. बाळंतिणीच्या खोलीत तर मुळीच ठेवू नये. गॅसचा गिझर न्हाणीघराच्या आत न बसविता बाहेर उघड्यावर बसवावा. त्याची किंवा स्वयंपाकाच्या शेगडीची ज्योत निळी न राहता पिवळी व काजळी धरणारी झाली, तर हवेची छिद्रे तुंबली आहेत असे समजावे व साफ करून घेईपर्यंत ते साधन वापरू नये.

गॅसच्या टाकीबद्दलही एक गैरसमज आहे. थंडीत सकाळी ज्योत बारीक होते व टाकीत गॅस कमी भरून दिला असा संशय येतो. वस्तुतः टाकीत द्रव असतो व त्याचा वायू होण्यास बाहेरची उष्णता लागते. हवा थंड आणि टाकी संपत आलेली असली म्हणजे वायू सावकाश तयार होतो. दुपारी तीच टाकी बरी चालते. काही लोक टाकी आडवी करतात, गरम पाण्यात ठेवतात किंवा चुलीजवळ सरकवतात. हे तिन्ही प्रकार अत्यंत धोक्याचे आहेत. टाकी उभीच ठेवावी, नळी पाच वर्षांनी बदलावी, आणि गळतीचा वास आल्यास विजेचे बटण न दाबता, दारे-खिडक्या उघडून, बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

मळ्यातील यंत्रे

मळ्यात एक रात्र वाया गेली तर तिची किंमत घरातल्यापेक्षा अधिक पडते. गव्हाला पेरणीपासून १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटताना, ४० ते ४५ दिवसांनी कांडी धरताना, ६० ते ६५ दिवसांनी फुलोऱ्यात आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणा भरताना पाणी चुकवून चालत नाही. केळीची गोष्ट याहून नाजूक आहे. पारा १० अंशांच्या आसपास आला की पानांवर चरका दिसू लागतो, आणि अशा रात्री विहिरीचे कोमट पाणी बागेत फिरविणे हा जुना व खात्रीचा उपाय आहे. म्हणजे ज्या रात्री मोटार अडण्याचा संभव अधिक, त्याच रात्री तिची गरजही अधिक असते.

आमच्या हातून घडलेली एक चूक येथे सांगतो. काही वर्षांपूर्वीच्या अशाच लांबलेल्या थंडीत आमचा गहू चिकात होता. वीज रात्रीची होती. पहाटे तीनच्या सुमारास मोटार नुसती घुरघुरली आणि स्टार्टर पडला. पुन्हा दाबला, पुन्हा पडला. हात काकडत होते. सालदार म्हणाला, “आबा, काडी लावून पाहू का?” आम्ही होकार दिला. स्टार्टरचा खटका काडीने दाबून धरला. मोटार दोन-तीन मिनिटे कण्हली आणि कायमची गप्प झाली. ती कूपनलिकेतून वर काढणे, भरून आणणे व पुन्हा सोडणे यात आठ दिवस गेले आणि गहू तितके दिवस कोरडा राहिला. मागाहून पाहिले तेव्हा बिघाड इतकाच निघाला की, तीन फ्यूजांपैकी एकाची पकड गंजून जळली होती आणि मोटारीस तीनऐवजी दोनच फेज मिळत होते. त्या फ्यूजची किंमत मोटार भरण्याच्या मजुरीच्या शतांशही नव्हती. पावसाळ्यानंतर ती पेटी आम्ही एकदाही उघडली नव्हती. तेव्हा दोष थंडीचा नव्हे, मोटारीचा नव्हे, सालदाराचाही नव्हे, आमचा होता.

यावरून जो क्रम आम्ही स्वतःस लावून घेतला तो असा. मोटार उचलत नसेल तर प्रथम तिन्ही फेजचे दिवे व व्होल्टमीटर पाहावा. दाब फार उतरला असेल तर थांबावे. कमी दाबावर तेवढेच काम करण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते, तापते व जळते. दाब ठीक असून स्टार्टर पडत असेल तर मुख्य खटका खाली करून, टेस्टरने वीज गेल्याची खात्री करून, मग पेटी उघडावी. सैल पेच, काळवंडलेली टोके, मुंग्यांचे वारूळ, दहिवराची ओल, यांपैकी काही ना काही बहुधा सापडते. कोरड्या कापडाने पुसावे, पेच आवळावेत, उन्हात तासभर उघडी ठेवावी. रिले पडतो तो मोटार वाचविण्यासाठी पडतो. त्याला काडी, दोरी किंवा दगड लावून दाबून धरणे म्हणजे बैलाच्या नाकातोंडात बोळा कोंबून त्याला औतास जुंपणे होय. एक फेज गेल्यास मोटार बंद करणारे साधन स्टार्टरमध्ये असतेच असे नाही. ते बसवून घ्यावे. कपॅसिटरही चालू स्थितीत असावा. त्याने मोटारीचा प्रवाह कमी होतो व त्याच रोहित्रावरील शेजाऱ्यांचेही भले होते.

आपोआप चालू होणारा स्टार्टर रात्री उठण्याचा त्रास वाचवतो हे खरे. परंतु वीज येताच एका रोहित्रावरील सर्व मोटारी एकाच क्षणी उचलू लागल्या तर रोहित्रच जळते व सर्वांचेच ओलीत बुडते. शेजाऱ्याशेजाऱ्यांनी ठरवून प्रत्येकाच्या स्टार्टरला काही मिनिटांचे अंतर द्यावे. हा समजूतदारपणाचा प्रश्न आहे, पैशाचा नव्हे.

आता डिझेल इंजिन व ट्रॅक्टर. थंडीत बॅटरी सुमारे दहा-पंधरा टक्के कमी शक्ती देते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरविण्यास अधिक शक्ती लागते. चांगली बॅटरी हे दोन्ही सोसते. आधीच अर्धमेली झालेली सोसत नाही. रात्रभर विसावलेल्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो, १२.२ असेल तर ती निम्मी रिकामी आहे. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी घालावे, आम्ल घालू नये. टोकांवरील पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा, पण ते पाणी आत जाऊ देऊ नये. तार काढताना ऋण टोकाची आधी काढावी व बसविताना शेवटी बसवावी. बॅटरी भरत असता जवळ बिडी पेटवू नये, कारण तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

डिझेलच्या बाबतीतही ऋतूचा विचार करावा लागतो. आपल्या देशात उन्हाळी व हिवाळी डिझेलची मानके वेगळी आहेत. कोणत्या तापमानापर्यंत ते वाहते राहावे याची मर्यादा हिवाळ्यासाठी ३ अंश व उन्हाळ्यासाठी १५ अंश अशी आहे. उन्हाळ्यात भरून ठेवलेले पिंप थंडीत उघडले तर त्यातील मेण गाळणीत अडकू शकते. पिंपाच्या तळाशी साठलेले पाणी हा तर नेहमीचाच शत्रू आहे. म्हणून जुना साठा आधी संपवावा, टाकी रात्री भरलेली ठेवावी म्हणजे आत ओल धरत नाही, आणि गाळणीच्या तळचे पाणी आठवड्यातून एकदा काढावे. इंजिन चालू झाल्यावर पाच मिनिटे हलके चालू द्यावे, मग भार द्यावा. टाकीखाली जाळ करून डिझेल तापविण्याचा प्रकार कोणीही करू नये.

ठिबकच्या नळ्या थंडीत निखळतात त्याचे कारण तर साधे गणित आहे. १०० मीटर लांबीची काळी मऊ नळी २० अंशांनी थंड झाली तर सुमारे ३५ ते ४० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ हातभर, आकसते. ज्याने मे महिन्याच्या दुपारी ती ताणून अंथरली, त्याची नळी फेब्रुवारीच्या पहाटे ग्रोमेटमधून उपसून येणारच. नळी अंथरताना सापासारखी थोडी सैल ठेवावी. जी निघाली असेल ती दुपारी ऊन चढल्यावर बसवावी. पीव्हीसीची कडक नळी थंडीत ठिसूळ होते, म्हणून सकाळच्या प्रहरी तिच्यावर घाव घालू नये. तिचा सांधा जोडल्यावर सोल्युशन वाळण्यास उन्हाळ्याच्या मानाने बराच अधिक वेळ द्यावा. संध्याकाळी सांधा जोडून रात्री मोटार सोडली की तो उडतो आणि माल खराब निघाला असा बोल दुकानदारास लागतो. दुपारी जोडावा व शक्य तर दुसऱ्या दिवशी दाब द्यावा.

सौर पंप असलेल्यांनी पहाटे पाणी कमी येते म्हणून घाबरू नये. सौर तावदानास थंडी बाधत नाही. उलट कडक उन्हाळ्यापेक्षा थंड व स्वच्छ दिवशी ते अधिक चांगले काम करते. सकाळी पाणी कमी येते ते तिरप्या उन्हामुळे, आणि दिवसभर कमी येत असेल तर ते धुळीमुळे. दहिवरात भिजलेली धूळ तावदानावर चिखलासारखी बसते. सकाळी ते थंड असतानाच साध्या पाण्याने व मऊ कापडाने पुसावे.

कोणत्या कामास हात लावू नये

कास्तकाराने आपले यंत्र ओळखावे, पण आपली मर्यादाही ओळखावी. रोहित्रावरील फ्यूज बदलणे, खांबावर चढणे, लोंबणारी तार काठीने सावरणे ही कामे फक्त वीज कंपनीच्या लाईनमनची आहेत. १९१२ या क्रमांकावर कळवावे व वाट पाहावी. ओल्या पायांनी, ओल्या जमिनीत उभे राहून स्टार्टरला हात लावू नये. पेटीसमोर कोरडी फळी किंवा रबरी चटई ठेवावी. फ्यूजमध्ये जाड तार घालू नये. जी तार वितळत नाही ती तार फ्यूज नव्हे. मोटारीची व घराची अर्थिंग वर्षातून दोनदा तपासून घ्यावी. पावसाळ्यानंतर जमीन सुकत जाते तसतशी अर्थिंग निकामी होत जाते. तिच्या खड्ड्यात फेब्रुवारीपासून दर आठवड्यास बादलीभर पाणी ओतणे, इतक्या स्वस्तात माणसाचा जीव वाचविणारे दुसरे काम आम्हांस ठाऊक नाही.

रात्री एकट्याने मळ्यात जाऊन दुरुस्ती करू नये. पाण्याची एक पाळी चुकली तर पिकाचे काही नुकसान होईल. ते पुढच्या वर्षी भरून निघते.

यंत्रांचे बलुते

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या आजोबांच्या काळी औत, गाडी, मोट यांची दुरुस्ती अडल्यावर होत नसे. ती वर्षाच्या क्रमात बसविलेली होती. सुतार, लोहार, चांभार यांना खळ्यावर धान्याचा वाटा ठरलेला असे. त्या वर्षी नांगर मोडो वा न मोडो, वाटा द्यावाच लागे. आणि वाटा दिलेलाच असल्यामुळे आखाजीच्या आत गाडीची धाव, नांगराचा फाळ, मोटेचे चामडे हे सर्व तपासून घेण्यास कोणी मागेपुढे पाहत नसे. ती पद्धत गेली, आणि तिच्यात जातीची जी बेडी व कारागिराची जी लाचारी होती ती गेली, हे योग्यच झाले. परंतु त्या पद्धतीबरोबर एक शहाणपणही आपण टाकून दिले. मोडण्यापूर्वी दुरुस्तीचा पैसा बाजूला काढणे, ते हे शहाणपण होय. आज मोटारीस, ट्रॅक्टरास, ठिबकास आपण लाखो रुपये घालतो, पण त्यांच्या निगेसाठी वर्षाच्या हिशेबात एक ओळही लिहीत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. कापूस किंवा दादर विकून पैसा हाती येईल तेव्हा त्यातून यंत्रांचे बलुते प्रथम काढून ठेवावे. एक वही करावी. तिच्यात प्रत्येक यंत्राचे नाव, घेतल्याची तारीख, तेल केव्हा बदलले, बॅटरी केव्हा घेतली, मोटार कितव्यांदा भरली, इतके लिहावे. दुसऱ्या वर्षी हीच वही मिस्त्रीपेक्षा अधिक सांगू लागते. मिस्त्रीचे देणेही त्याच वेळी चुकते करावे. ज्याची मजुरी वर्षभर थकवली त्याने मध्यरात्री धावून यावे, ही अपेक्षा न्यायाची नव्हे.

दुसरी सूचना सर्वांनी मिळून करण्याची आहे, आणि तिचे उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीने शेती करणारे कास्तकार शतकानुशतके बंधाऱ्याची डागडुजी व पाटाची सफाई हंगामाच्या आधी सर्वांच्या श्रमाने व खर्चाने करीत आले. ज्याच्या शेताला पाणी मिळे त्याच्यावर दुरुस्तीचाही भार असे. आज आपला पाट म्हणजे रोहित्र व तारा आहेत. एका रोहित्रावरील दहा-बारा कास्तकारांनी मिळून एक जादा मोटार, एक व्होल्टमीटर, बॅटरी भरण्याचे यंत्र, चांगल्या हत्यारांची एक पेटी आणि थोडे फ्यूज व रिले ठेवले, तर कोणाचीही मोटार जळली तरी त्याचा गहू आठ दिवस कोरडा राहणार नाही. एकट्यास हा खर्च जड आहे. दहांत तो जाणवतही नाही.

थंडी लांबली तर तिला दोष देत बसू नये. गव्हास ती दाणा भरण्यास अवधी देते, तसा आपणांसही देते. या दिवसांत दुपारचे ऊन सुखाचे असते. अंगणात हत्यारे मांडून बसावे, घरातील मुलामुलींस जवळ घ्यावे, आणि स्टार्टरच्या पेटीपासून ते अडगळीतल्या कूलरपर्यंत एकेक वस्तू उघडून, पुसून, आवळून ठेवावी. कूलर तर अवश्य पाहावा. त्याच्या पाण्यात वीज उतरून उन्हाळ्यात अपघात होतात, आणि त्याचे मूळही न केलेल्या अर्थिंगमध्येच असते. जो कास्तकार शिवरात्रीच्या सुमारास एवढे करील, त्याची मोटार पुढील हिवाळ्यात पहाटे तीन वाजता घुरघुरली तरी त्याला काडी शोधावी लागणार नाही.